मनोऱ्यावरचा सेल

आष्ट्याच्या पेठेत त्या दिवशी सकाळी लोक स्वेटर आणि कानटोप्या घालून उभे होते आणि मनोऱ्यावरच्या घड्याळाखालचा तारखेचा बोर्ड सांगत होता की मे महिना आहे. सालही चालू नव्हतं, २००५ होतं. वार मात्र बरोबर होता, शनिवार.

"शनवार हाय न्हवं? मग झालं की," बयाबाई म्हणाली. तिची चहा-भज्यांची गाडी मनोऱ्याच्या बुडाशीच होती. "साल कुणाला पायजे? वार चुकला तर उपास चुकतोय."

"दोन हजार पाच म्हंजी..." तांदूळ न्यायला आलेला एक म्हातारा बोर्डाकडं बघत म्हणाला, "तवा माझं समदं दात हुतं. बोर्डाला म्हणावं, दात तेवढं परत दे, मग दाखव काय दाखवायचं ते."

हसून झालं. मग नेहमीसारख्या सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. समोरच्या घड्याळाच्या दुकानात, काचेच्या कपाटाआड, डोळ्याला भिंग लावून हुसेनचाचा शिकलगार बसले होते.

"चाचा! तुमचं घड्याळ परत येडं झालं!"

चाचांनी भिंग काढलं, कपाळाला हात लावला आणि असा सुस्कारा सोडला की बघणाऱ्याला वाटावं, ह्या माणसाच्या डोक्यावर केवढा भार आहे. ते उठले. हत्यारांची पिशवी घेतली, पिशवीत हळूच शेंगांची पुडी टाकली आणि मनोऱ्याचं लोखंडी दार उघडून आत गेले.

दार बंद झालं तसा तोंडावरचा भार उतरला. जिना चढताना ते शीळ घालत होते.

मनोऱ्यावर पूर्वी किल्लीचं घड्याळ होतं. ते चाचांच्या वडिलांनी सांभाळलं, मग चाचांनी. त्याची चाकं पार झिजली तेव्हा पेठेतल्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की आता नव्या जमान्याचं काहीतरी बसवू. चाचांची सून सिमरन साताऱ्यात मोबाईलचे टॉवर सांभाळणाऱ्या एका कंपनीत कामाला. तिनं सांगितलं की जुन्या टॉवरवर उपग्रहाकडून वेळ घेणारी यंत्रं असतात आणि ती आता भंगारात निघतायत. तसलं एक यंत्र तिनं मिळवून दिलं. छपरावर अळंबीसारखा अँटेना, खाली डब्याएवढी पेटी. आभाळातनं वेळ येते आणि काटे सेकंदानं सुद्धा चुकत नाहीत, म्हणून पेठेला त्याचं भारी कौतुक.

यंत्राची खोड एकच. ते जुनं असल्यामुळं त्याला साल कळत नाही. उपग्रह त्याला आठवडा कितवा ते सांगतो, पण ती मोजणी वीसेक वर्षांनी परत पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळं खरं साल एकदा माणसानं सांगावं लागतं. मग पेटीतल्या एका जाडजूड बटणासारख्या सेलच्या जोरावर यंत्र ते ध्यानात ठेवतं. लाईट गेली तरी सेल आठवण धरून ठेवतो. सेल संपला की लाईट जाऊन आल्यावर यंत्र कोरं. आपण कुठं आहोत, कुठला उपग्रह कुठं आहे, काही ठाऊक नाही. सगळं आभाळ परत धुंडाळायचं. तोवर काटे उभे, आणि बोर्डावर वीस वर्षांपूर्वीची तारीख.

सेल दिवाळीच्या आधी संपला होता, हे खरं. तसला सेल कुठं मिळत नाही, हे खोटं. यंत्र बसवलं तेव्हाच चाचांनी सांगलीहून दोन सेल आणले होते. दुसरा त्यांच्या दुकानाच्या ड्रॉवरात, कोरा करकरीत पडून होता.

ह्या लबाडीला कारण होतं.

चाचांची बायको फरीदा गेली ती पावसाळ्यात. ताप आला, उतरला, परत आला, आणि तेवढ्यात ती गेली. चाळीसाव्या दिवसाच्या दुआला आलेले पाहुणे परतल्यावर तारिक वडिलांसमोर बसला आणि म्हणाला, "अब्बा, आता इथं एकटं राहायचं नाही. साताऱ्याला चला."

तारिक एकुलता एक. साताऱ्यात शाळेवर गणिताचा मास्तर. मुलगा चांगला होता आणि सून त्याहून चांगली. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. चाचा तिथं आठवडाभर राहून आले. जेवण वेळेवर, पाणी गरम, गादी मऊ. पण तिथं फरीदाला ओळखणारं कुणी नव्हतं. जिन्यात भेटलेला माणूस मान हलवायचा आणि पुढं जायचा. तारिक आणि सिमरन घरात तिचं नाव काढत नव्हते, अब्बांना त्रास होईल म्हणून.

आष्ट्यात तसं नव्हतं. दुकान उघडलं की कुणी ना कुणी तिचा विषय काढायचंच. कुणी म्हणायचं, चाचींनी माझ्या लेकीचं बाळंतपण काढलं. कुणी म्हणायचं, त्या भाजीवाल्याला चाचींनी भर बाजारात कसलं झापलं हुतं. तिचं नाव दिवसातून दोन-चारदा कानावर पडलं की चाचांना घास जायचा. नाही पडलं तर जायचा नाही. एवढंच होतं. पण एवढंच मुलाला सांगायचं कसं?

त्यात फरीदानं जाण्याआधी बजावलं होतं, "तारिकचं मन मोडू नका. तो म्हणेल त्याला हो म्हणा."

म्हणून चाचा हो म्हणाले. पण हो म्हणता म्हणता एक खुंटी मारून ठेवली. "मनोऱ्याचं घड्याळ तेवढं मार्गाला लावतो. पेठेला शब्द दिलाय. महिनाभर न थांबता चाललं की दुसऱ्या दिवशी आलो बघ."

शब्द म्हटल्यावर तारिक कबूल झाला. शिकलगारांच्या घरात शब्द म्हणजे शब्द. तेव्हापासून घड्याळ सलग महिनाभर चाललं नव्हतं. आष्ट्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याबद्दल अल्लाचे आभार मानले.

वरचं काम म्हणाल तर साल घालायला दोन बटणं दाबायची आणि यंत्राला उपग्रह सापडायची वाट बघायची. चाचा पालथ्या बादलीवर बसून शेंगा खायचे, गावातली छपरं बघायचे. खाली ऐकू जावं म्हणून मधूनमधून पान्यानं कठड्यावर टण् टण् करायचे. दुपारी घामाघूम होऊन खाली यायचे. घामाला जिना पुरेसा होता.

तारिकचा फोन यायचा. "अब्बा, महिना कुठवर आला?"

"अरं, येत आला हुता बघ. काल लाईट गेली."

असं सगळं सुरळीत बिघडलेलं होतं. मग चाचांच्या हातून चूक झाली.

झालं असं की नाथाजी दुकानात येऊन बसला. नाथाजीचं बी-बियाण्यांचं मोठं दुकान, आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांचा तो पुढारी. पोट पुढं, आवाज त्याच्याही पुढं. "चाचा, हे सारखं सारखं काय हो? सेल संपलाय म्हणता, तर टाका की नवा."

"मिळत न्हाई," चाचा म्हणाले.

ते दुसरं काहीही म्हणाले असते तर चाललं असतं. यंत्र म्हातारं झालंय, उपग्रह रुसलाय, काहीही. पण आष्ट्याच्या पेठेत 'मिळत नाही' म्हणणं म्हणजे पहिलवानाला 'तुला जमणार नाही' म्हणण्यासारखं आहे.

"मिळत न्हाई?" नाथाजी उठून उभा राहिला. "आष्ट्यात? चाचा, जतचा माणूस जतला मिळत न्हाई म्हणून हितं येतोय. सांगलीवाला तोंड लपवून हितं येतोय. आन् एक बटणाएवढा सेल आष्ट्यात मिळत न्हाई?"

चाचा घाबरले, आणि घाबरून आणखी पुढं गेले. "आष्ट्याचं काय घिऊन बसलाय? जपानमधी बी मिळत न्हाई. आमच्या सिमरननं सांगितलंय."

झालं. पेठेनं ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून सेल यायला लागले. कुणी मोटारीच्या किल्लीतला आणला, कुणी साखर तपासायच्या मशीनमधला. कवठे महांकाळचा एक द्राक्षवाला बाजाराला आला होता, त्यानं वजनकाट्यातला काढून दिला आणि दिवसभर अंदाजानं द्राक्षं विकली. एका आजोबांनी कानातलं यंत्र उघडून त्यातला सेल पुढं केला आणि चाचा नको नको म्हणत होते ते त्यांना ऐकूच आलं नाही. एका बाईनं नातवाच्या लुकलुकणाऱ्या बुटाची टाच कापून आणली. जतकडचा एक मेंढपाळ मेंढरं घेऊन चालला होता, त्यानं बॅटरीतले तीन मोठे सेल फडक्यात बांधून कपाटावर ठेवले आणि म्हणाला, "साकु? पुरं का?"

"लय झालं, बाबा," चाचा म्हणाले.

हद्द केली ती एकानं खांद्यावर ट्रॅक्टरची बॅटरी घालून आणली तेव्हा. "ही बसवा. तुमी बी संपला तरी ही संपायची न्हाई."

चाचा प्रत्येक सेल भिंगाखाली धरायचे, उलटा करायचे, सुलटा करायचे आणि खिन्नपणे मान हलवायचे. हा पातळ आहे. हा जाड आहे. ह्याचा दाब जास्त आहे. एकदा कारण सुचेना म्हणून ते म्हणाले, "हा स्वभावानं गरम हाय," आणि समोरच्यानं ते पटवून घेतलं.

बयाबाई हे सगळं गाडीवरून बघत होती. एके दिवशी चहा द्यायला आली आणि तिथंच उभी राहिली.

"चाचा, एक इचारू?"

"इचार की."

"घड्याळ बिघडलं की तुमी वर जाता तवा तोंड सुतकी असतंय. खाली येता तवा नवरदेवावानी. वर काय हाय?"

"उपग्रह हाय."

"व्हय व्हय," बयाबाई म्हणाली. "फरीदा असती तर तिनं उपग्रह खाली वडून आणला असता."

त्या दिवशी चाचा दोन भाकरी जेवले.

इकडं नाथाजी गप्प होता. तो गप्प आहे हे चाचांनी ध्यानात घ्यायला हवं होतं. यंत्र बसवलं त्या दिवशीचा फोटो नाथाजीकडं होता. त्यात चाचा पेटीचं झाकण उघडून, तोच सेल दोन बोटांत धरून, कॅमेऱ्याकडं बघून हसत होते. नाथाजीनं तो फोटो बेंगळुरूच्या भाच्याला पाठवला. भाच्यानं तो मोठा करून सेलवरचा नंबर वाचला आणि कुठूनसा मागवून धाडून दिला.

नाथाजी तो सेल पेढ्याच्या बॉक्समधून घेऊन आला, मागं चार व्यापारी.

"बघा," तो म्हणाला. "आष्ट्यात मिळाला."

चाचांनी भिंग लावलं. सेल तोच होता. जाडी तीच, नंबर तोच. त्यांनी उलटा केला, सुलटा केला. स्वभाव गरम आहे म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"हाच हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की नाथाजीला वाटलं, आनंदानं कंठ दाटलाय. त्याचेही डोळे भरून आले.

"रविवारी बसवायचा. नारळ फोडायचा. तारिकला मी फोन केलाय, सुनेला घिऊन ये म्हणून. बापाचे किती हाल झाले ते बघू दे की पोराला."

रविवारी सकाळी तारिक आणि सिमरन गाडी घेऊन आले. तारिकनं डिकीत दोन मोकळ्या बॅगा टाकून आणल्या होत्या. चाचांनी त्या बघितल्या. ते एकटेच वर गेले आणि त्यांनी सेल बसवला. पण बसवताना घड्याळाच्या पट्ट्याच्या पिशवीतून कापलेला नखाएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा सेल आणि पत्र्याच्या पट्टीच्या मध्ये सरकवून दिला. सेल जागेवर, पण पत्र्याला लागत नाही. चाचा खाली आले.

मनोऱ्याखाली पेठ जमली होती. नाथाजीनं हात वर केला. "पाडा मेन स्विच!"

स्विच पाडला. काटे थांबले, बोर्ड विझला.

"लावा!"

लावला. बोर्डावर नुसत्या रेघा आल्या. बयाबाईनं चहा दिला. चहा पिऊन होतोय तोवर रेघा गेल्या आणि तारीख आली. वार रविवार. महिना जून. साल २००५.

पेठेनं माना वर करून बोर्ड परत एकदा वाचला. मग तो दातांचा म्हातारा म्हणाला, "मे संपला म्हणायचा."

चाचांनी दोन्ही हात पसरले आणि घरातलं कुणी गेल्यासारखं तोंड केलं. "मी म्हणलं हुतं. नशीब एकेकाचं."

नाथाजीचा चेहरा उतरला. त्यानं सिमरनला गाठलं. "पोरी, तूच म्हणाली हुतीस न्हवं? जपानमधी बी मिळत न्हाई म्हणून?"

सिमरननं चाचांकडं बघितलं. चाचा अँटेना बघत होते.

"जपानमध्ये..." सिमरन सावकाश म्हणाली, "हो. जपानमध्ये नाही मिळत."

"तू कधी म्हणालीस?" तारिकनं विचारलं.

"मी बरंच म्हणते. तुम्ही कुठं ऐकता? अब्बा, चला वर. मी बघते एकदा."

वर पोचल्यावर सिमरननं पेटीचं झाकण उघडलं, सेलकडं नजर टाकली आणि नखानं तो प्लास्टिकचा तुकडा ओढून काढला. उजेडाला धरला. त्याच्यातून तिला चाचा दिसत होते.

"अब्बा."

"काय?"

"जपान?"

चाचा पालथ्या बादलीवर बसले. त्यांनी सांगायला सुरुवात केली. खुंटीचं सांगितलं, ड्रॉवरातल्या सेलचं सांगितलं, फरीदाच्या बजावण्याचं सांगितलं. साताऱ्याच्या त्या आठवड्याचं सांगताना ते अडखळले.

"तुमचं काई चुकत न्हाई, पोरी. जेवण चांगलं हुतं. पण त्या आठ दिवसांत फरीदाचं नाव एकदा बी माझ्या कानावर आलं न्हाई. मला वाटाया लागलं, ती हुती का नव्हती."

सिमरन खाली मान घालून पेटीकडं बघत राहिली. "आम्हाला वाटलं, नाव काढलं की तुम्ही रडाल."

"रडलो असतो की. त्यात काय?"

तिनं नाक पुसलं, सेल पट्टीत नीट दाबून बसवला आणि बटणं दाबून चालू साल घातलं.

"अगं, हे काय करतीस?"

"घड्याळ नीट करते. टॉवरवर चढून खोटं काम करून उतरायची मला सवय नाही. खाली गेल्यावर तुम्ही तारिकशी बोला. नाहीतर आजपासून महिना मोजायला लागा."

"तू बोल की माझ्या वतीनं."

"मी जपान सांभाळलं. पुढचं तुमचं तुम्ही."

यंत्राला उपग्रह सापडेपर्यंत बसून राहणं आलं. सिमरननं विचारलं, "एरवी एवढा वेळ तुम्ही वर काय करता?" चाचांनी पिशवीतून पुडी काढून पुढं केली. दोघांनी शेंगा खाल्ल्या. मध्येच चाचांनी सवयीनं पाना उचलून कठड्यावर टण् टण् केलं. सिमरननं त्यांच्याकडं बघितलं, आणि पदर तोंडात कोंबून हसत राहिली.

खाली आल्यावर परत स्विच पाडला, परत लावला. रेघा आल्या, गेल्या, आणि बोर्डावर फेब्रुवारी आला. साल २०२५. काटे चालू लागले. पेठेनं टाळ्या वाजवल्या. नाथाजीनं नारळ असा हाणला की त्याचं पाणी चार दुकानं सोडून कापडवाल्याच्या गादीवर गेलं.

"झालं, अब्बा!" तारिक म्हणाला. "आजपासून महिना धरायचा."

"कसला म्हैना?" नाथाजीनं विचारलं.

"अब्बांनी सांगितलं नाही? घड्याळ महिनाभर नीट चाललं की ते साताऱ्याला येणार. कायमचे. बॅगा आणल्यात मी."

बयाबाईचा झारा कढईवर तसाच थांबला. नाथाजीनं हातातली नारळाची कवड खाली ठेवली.

"म्हंजी," तो म्हणाला, "ह्यो सेल मी आणला. मी बेंगळुरूवरनं आणला. आन् ह्या सेलनं चाचा जाणार?"

"तसंच काहीसं."

"दार उघड," नाथाजी म्हणाला. "सेल काढतो."

"अहो काका!"

"माझा सेल हाय! मी आणलाय, मी नेणार!" असं म्हणून नाथाजी मनोऱ्याच्या दारात घुसला. दार अरुंद होतं. तो निम्मा आत गेला आणि तिथंच राहिला. तारिकनं बाहेरून त्याचा सदरा धरला. आतून नाथाजीचा आवाज घुमला, "सोड रं! आमचं घड्याळ आमी मोडू, न्हाईतर जाळू!"

मग सगळेच बोलायला लागले. मास्तरला अक्कल नाही, म्हाताऱ्या माणसाला असं उपटून नेत असतात का, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, पोरगं म्हणतंय ते बरोबर हाय, रात्री-अपरात्री काय झालं तर बघणार कोण? "आमी हाय की!" "तुमी घोरत असता!" एक जण चाचांना साताऱ्याला कुठल्या गाडीनं न्यावं ते सांगत होता, तर एक जण चाचांना कुठंच का नेऊ नये ते सांगत होता. चाचा मधोमध उभे होते आणि त्यांना कुणीच काही विचारत नव्हतं.

"मला यायचं न्हाई," चाचा म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. सिमरननं तेवढं ऐकलं. तिनं त्यांच्या पिशवीतला पाना काढून त्यांच्या हातात दिला.

चाचांनी पाना उचलला आणि लोखंडी दारावर ठाणकन हाणला. दारात अडकलेल्या नाथाजीच्या कानात तो आवाज असा बसला की तो एका दमात बाहेर आला. पेठ चिडीचूप झाली.

"मला साताऱ्याला यायचं न्हाई, तारिक."

तारिकचा हात नाथाजीच्या सदऱ्यावर तसाच होता. "मग हो का म्हणालात?"

"तुझी अम्मी म्हणाली हुती, तारिकचं मन मोडू नका. म्हणून हो म्हणलं. आन् यायचं नव्हतं म्हणून घड्याळ मोडत राहिलो."

"मोडत राहिलो म्हंजी?" नाथाजी म्हणाला.

"तुमी जरा थांबा, नाथाजी."

तारिक बयाबाईच्या बाकड्यावर बसला. "मला अम्मी काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, अब्बा नको नको करतील. तू ऐकू नको. त्यांना एकटं सोडू नको."

"आन् मला म्हणाली हुती," बयाबाई मध्येच बोलली, "बये, आमचे हे कुठं जाणार न्हाईत बघ. च्यात साखर कमी घालत जा."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. फरीदानं जाता जाता तिघांना तीन कामं लावली होती, आणि तिघंही इमानदारीनं एकमेकांचं काम बिघडवत बसले होते.

"पण का यायचं नाही?" तारिकनं विचारलं. त्याचा आवाज आता मास्तरचा राहिला नव्हता. "आमच्यात काय कमी पडतं?"

"काई कमी पडत न्हाई. तिथं तिचं नाव कुणी घेत न्हाई, एवढंच. हितं घेत्यात."

समोरचा कापडवाला उगीचच कापडाची घडी घालायला लागला. नाथाजीनं मफलरनं तोंड पुसलं.

शेवटी बयाबाईनंच कढईतली गरम भजी कागदावर काढून तारिकपुढं ठेवली. "घे, लेकरा. मिरचीची हायती. तुझ्या आईला लय आवडायची."

चाचांनी मान वर केली. "कुणाला?"

बयाबाईनं जीभ चावली.

"फरीदाला तेलकट बंद हुतं," चाचा म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलं हुतं. तेल बंद, गोड बंद. किती वर्षं झाली, घरात भजं तळलं न्हाई."

"एकच खायची वो. ती बी अर्धी."

"कवा?"

"तुमचा डबा घिऊन यायची न्हवं दुपारची? त्याच्या आधी. गाडीच्या मागं बसून. तुमच्या दुकानातनं दिसू नये म्हणून मी ही ताडपत्री बांधली."

सगळ्यांनी ताडपत्रीकडं बघितलं. चाचांनीही बघितलं. ती ताडपत्री ते इतकी वर्षं दुकानातून बघत होते.

"मी इचारायचो तिला, तोंड का लाल झालंय म्हणून," चाचा म्हणाले. "म्हणायची, उन्हातनं आले."

"मिरची लागायची तिला. पर सोडायची न्हाई."

तारिक हसायला लागला. त्याला थांबता येईना. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "मावशी, अजून काय काय करायची अम्मी?"

"लय काय काय. समदं आजच सांगू व्हय?"

"मला उद्या शाळा आहे."

"मग पुढल्या रविवारी ये. तुझा बाप हितंच हाय, त्याला रोज थोडं थोडं सांगीन."

तारिकनं बापाकडं बघितलं. मोकळ्या बॅगा मोकळ्याच परत जाणार, हे त्याला कळून चुकलं. पण चाचांचं तिकडं लक्षच नव्हतं. पाना हातात घेऊन ते बयाबाईच्या गाडीसमोर उभे होते आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात भांडत होते.

"तिला सोबत म्हणून मी रोज सकाळी कारल्याचा रस पीत हुतो! कारल्याचा! आन् ती हितं बसून मिरचीची भजी खात हुती? बयाबाई, चटणी बी द्यायचीस का तिला? खरं सांग!"